हात द्यायचा नाही

सगळी नोकरी मी वेल्हे तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. पोरांना उठाबशा काढायला लावण्यात माझा हात कुणी धरला नसता. त्याच उठाबशा म्हातारपणी माझ्या वाट्याला औषध म्हणून आल्या. आमच्या भागातले निम्मे बापये माझ्या हाताखालून गेलेले; त्यांना हे ऐकून मनातून आनंद झाला असणार, आणि तो त्यांनी खुशाल करावा.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या बायकांसाठी. जमिनीवरून उठताना ज्यांना भिंत लागते, आणि ज्या ही गोष्ट घरात कुणाला सांगत नाहीत, त्यांच्यासाठी. त्याहून जास्त त्यांच्या सुनांसाठी. कारण या दुखण्यातून बरी झाले मी, पण सोसलं ते सगळं माझ्या सुनेनं.

बसून खायचे दिवस

नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. घरात मी, मुलगा दिलीप आणि सून मंगल. दिलीप शिरवळकडच्या एका कंपनीत कामाला. मंगलचं माहेर भोरच्या पलीकडचं, शेतकरी घर. ती मला आत्या म्हणते. मी रिटायर झाले त्याच्या पुढच्या काही वर्षांतली ही गोष्ट. गावात तेव्हा मोबाईल आले नव्हते, एसटीडीचा एक बूथ होता आणि त्याच्यापुढं कायम रांग असायची.

पावसाळा सरता सरता मला टायफॉइड झाला. ताप गेला, पण दिवाळीपर्यंत मी अंथरुणातच होते. उठून घरात फिरायला लागले तेव्हा मंगलनं जाहीर करून टाकलं, "आत्या, तुमी आता बसून खायचं. लई केलंत आजवर."

आणि ती बोलल्याप्रमाणे वागली. केर माझ्या हातून काढून घेतला, भाजी निवडायचं ताट उचलून नेलं. पाण्याचा तांब्या हातात, ताट पुढ्यात, उठायचं म्हटलं की धावत येऊन काखेत हात. आमच्याकडं म्हातारी बाई हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसलेली दिसली की जाणारे-येणारे म्हणतात, सून गुणाची आहे हो. ती म्हणजे सुनेच्या नावाची ओट्यावरची पाटीच असते म्हणा ना. मंगलला तसं म्हणवून घ्यायला आवडायचं. मला बसून राहायला आवडायचं, खोटं कशाला बोलू!

वर्ष असंच गेलं. हातातल्या पाटल्या कोपराकडं सरकायला लागल्या. पिंढऱ्या लाटण्यासारख्या झाल्या. आधी उठताना भिंत लागायची, मग भिंत आणि मंगल दोन्ही लागायला लागले. मी म्हणायची, वय झालं. मंगल म्हणायची, अजून आराम करा.

मग एका दुपारी मी परसात पडले. मंगल शेतात गेली होती. लागलं काहीच नव्हतं, नुसतं उठता येत नव्हतं. एकदा या कुशीवरून, एकदा त्या कुशीवरून खटपट केली आणि तिथंच पडून राहिले. कोंबड्या येऊन माझ्याकडं बघून गेल्या. हाका मारल्या, पण ज्या आवाजानं चार वर्ग गप्प बसायचे तो आवाज शेजारच्या घरापर्यंतसुद्धा पोचेना. गवताचा भारा घेऊन मंगल आली तेव्हा ऊन उतरलं होतं. भारा टाकून ती धावली आणि मला पोराला उचलावं तशी उचलून आत घेऊन गेली. मी किती हलकी झाले होते हे त्या दिवशी आम्हा दोघींना कळलं.

त्यानंतर मला जमिनीची भीती बसली. मी पाटावर बसेना, जेवण खाटेवर घ्यायला लागले. आणि अशी वाळत चाललेय म्हणजे आत काहीतरी वाईट असणार, असं घरातल्या तिघांच्याही मनात होतं. त्या रोगाचं नाव मात्र तिघांनीही काढलं नाही.

परीक्षा

दिलीपनं रजा काढली आणि आम्ही पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो. रक्त, फोटो, आणखी काय काय झालं. रिपोर्ट मिळायच्या दिवशी मी घरातून निघतानाच मनात सगळी निरवानिरव करून निघाले होते. पाटल्या कुणाला द्यायच्या तेसुद्धा ठरवलं होतं.

डॉक्टर वयस्कर होते. म्हणाले, "तुमचे रिपोर्ट चांगले आहेत."

"मग मी वाळत का चाललेय?"

"हात छातीशी घ्या आणि त्या खुर्चीतून उठून दाखवा."

पहिलीतलं पोर करील असं काम. मी जोर लावला. पुन्हा लावला. बूड खुर्चीवरून हललं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, आणि इतक्या साध्या परीक्षेत मी नापास झाले.

डॉक्टरांनी मंगलला विचारलं, "घरी काय काय काम करतात?"

मंगलचा चेहरा खुलला. आजवर कुणीतरी विचारावं म्हणून ती वाटच बघत होती. "काय बी करू देत न्हाई मी! पान्याचा तांब्या बी हातात देते. उठिवते मीच, बसविते मीच. गावात कुनालाबी इचारा."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते अगदी मायेनं म्हणाले, "तुम्ही खूप केलंत, ताई. पण शरीराला काम राहिलं नाही की ते मांस ठेवत नाही. थोडं तापानं नेलं, उरलेलं आरामानं नेलं. आता कामं परत द्यायची. वजन उचलायला लावायचं."

मी आनंदानं रडले. काही नव्हतं मला! दिलीपनंसुद्धा डोळे पुसले. बाहेर आलो तर मंगल भिंतीला टेकून उभी, चेहरा पांढराफटक.

"आत्या, म्या पाडलं व्हय तुमाला आजारी?"

"वेडी आहेस का? तुला जे शिकवलं ते तू केलंस. आता दुसरं शिक."

ती मान हलवत राहिली. त्या दिवशीचा निकाल माझा होता, पण लागला तिला.

मॅडम

सुरुवातीचे काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. पहाटे वॉर्डातल्या मावशी चहा आणायच्या, माझ्या कपात साय जास्त घालायच्या आणि वर म्हणायच्या, "आज उचलायचंय ना?" मग खाली व्यायामाची खोली. लोखंडी दांडे, पायऱ्या आणि पायाला बांधायच्या वजनाच्या पिशव्या. माझ्या शेजारच्या खाटेवर पानशेतकडची एक आजी होती. ती पिशव्या बघून म्हणाली, "अगं बया, कैदी हाय का मी?" आम्ही दोघी हसलो, आणि बांधल्यावर दोघीही रडलो.

तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या, बोलायला मऊ. पण कडकपणात मी त्यांच्यापुढं काहीच नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय करता यायला हवंय?" मला वाटलं, हे काय विचारणं झालं? मग म्हटलं, "चारचौघींबरोबर जमिनीवर बसून जेवायचंय. आणि आपलं आपण उठायचंय."

"मग तेच करू," त्या म्हणाल्या.

जमिनीवरून उठायची रीत असते हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी कुशीवर वळायचं, मग रांगत्या पोरासारखं चारी पायांवर यायचं, एक पाऊल पुढं टेकवायचं, मांडीवर हात दाबायचा आणि उठायचं. ऐकायला सोपं. माझं पाऊल पुढं यायचं आणि तिथंच अडायचं. मंगल धावायची. मॅडम तिला अडवायच्या.

"मागं उभ्या राहा. दोन्ही हात मोकळे ठेवा, पडल्या तर धरायचं. पण उठताना हात द्यायचा नाही."

मंगलनं ते ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं. मला तेव्हा त्या गाठीची कल्पना नव्हती.

वाळूचे तोडे

घरी लोखंडी दांडे नव्हते. वेल्ह्याच्या बाजारात शकीलाभाभी शिलाईचं काम करायच्या. त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. मंगलनं त्यांना सगळं समजावलं. त्यांनी जाड कापडाच्या लांबट पिशव्या शिवल्या, नाड्या लावल्या आणि आत नदीची वाळू भरून दिली. "बाई, तोडे केलेत तुमाला. सोन्याचे जमले न्हाईत," म्हणाल्या. दर बाजाराला आम्ही पिशव्या घेऊन जायचो, त्या उसवून वाळू वाढवून द्यायच्या. मजुरीचं नाव काढलं की मलाच दटावायच्या.

सकाळी खुर्चीतून उठबस. मग पायात वाळू बांधून ओट्याच्या पायरीवर चढ-उतार. मंगल रोज हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं करायची आणि मी ते पिऊन संपवीपर्यंत पुढ्यातून हलायची नाही. एकदा मी उठबस करत असताना रस्त्यावरून माझा एक जुना विद्यार्थी सायकलवरून चालला होता. थांबून म्हणाला, "बाई, कुनी शिक्षा केली तुमाला?" मी म्हटलं, "पुढं हो, नाहीतर तूही येशील शेजारी उभा राहायला." तो हसत गेला. मी मात्र त्या दिवशी दोन जास्त काढल्या.

आणि कळशी. वजन उचलून चालायचं तर घरात कळशीशिवाय होतं काय? आधी तळाशी पाणी, मग थोडं थोडं वाढवत न्यायचं. देवळाशेजारच्या नळावरून घरापर्यंत मी कळशी घेऊन पुढं, आणि मंगल मागं. मोकळ्या हातांनी.

इथं गावानं पाहिलं.

गाव

काय दिसत असेल ते तुम्हीच डोळ्यांपुढं आणा. टायफॉइडमधून उठलेली, काटकुळी झालेली म्हातारी शिक्षिका वाकून पाणी वाहतेय, आणि तरणीताठी सून मागून हात हलवत येतेय.

आमच्या शेजारी शेवंता राहते. मनानं वाईट नाही, पण तिच्या पोटात काही राहत नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं नळावर माझी कळशी हिसकावून घेतली आणि मंगलला म्हणाली, "लाज वाटती का गं? सासूला पान्याला लावतीस?"

मंगल म्हणाली, "काकू, कळशी द्या त्यांची त्यांना."

झालं. दुपारपर्यंत गावभर झालं.

मी काय गप्प बसणारी बाई आहे? मी नळावर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. डॉक्टर, खुर्ची, मांस, वजन, सगळं, फळ्यावर लिहावं तसं. बायकांनी माना डोलावल्या. आणि घरी जाताना आपसांत म्हणाल्या, "बाई लई मोठ्या मनाच्या हायत. सून एवढं करती, तरी तिला पाठीशी घालतात."

दुसऱ्यांदा सांगितलं तर आणखी बिघडलं. मी जितकी मंगलची बाजू घ्यावी तितकी मी सोशिक ठरायची आणि ती कैदाशीण. चिडून मी एकदा शेवंताला खडसावलं, तर ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बाई, मला समदं कळतंय." माझी शिकवायची विद्या तिथं संपली.

गोष्ट भोरला पोचली. एक दिवस एसटीतून मंगलचा भाऊ उतरला. चहाला हात न लावता ओट्यावर उभा राहिला आणि बहिणीला म्हणाला, "आईला तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस तू. असं शिकिवलं व्हतं का तुला?" मी पुढं झाले, पण त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवून माझीच माफी मागितली. तो गेल्यावर मंगल चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती. एकेक भाकरी तिच्या हातून फाटत होती.

त्या संध्याकाळी दिलीप म्हणाला, "पुरे झालं आता. पान्याला बाई लावू. लोकं काय म्हनत्यात ऐकवत न्हाई."

मला वाटलं, ही आता हो म्हणेल, आणि म्हणाली तर मी तिला दोष देणार नाही. मंगलनं तवा खाली उतरवला.

"अवो, तुमची आई परसात पडल्याली तवा लोकं आली व्हती का उचलाया? उद्या मी शेतात असताना पडल्या तर येनार हायत का? म्हनू द्या काय म्हनायचं ते."

मुलांना मी धैर्य हा शब्द वाक्यात वापरायला सांगत असे. अर्थ मला त्या संध्याकाळी समजला.

हातांवर बसलेली बाई

सगळ्यात अवघड होतं ते जमिनीवरून उठणं. माजघरात घोंगडी अंथरून मी खाली बसायची. मंगल समोर बसायची. कुशीवर, चारी पायांवर, पाऊल पुढं, आणि तिथं अडायचं. कधी मी शिव्या द्यायची, कधी रुसून तिथंच आडवी व्हायची. "तुला दया येत नाही का गं?" असंही एकदा म्हणाले.

तेव्हा माझं तिच्याकडं लक्ष गेलं. ती मांडी घालून बसली होती आणि स्वतःचे दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते. हात पुढं येऊ नयेत म्हणून ती त्यांच्यावर बसली होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर मी रुसले नाही.

एकदा जमलं. मग दुसऱ्या दिवशी जमलं नाही, मग पुन्हा जमलं. शिमगा झाला तोवर रोज जमायला लागलं होतं, माजघरात, दार लावून. चारचौघांत अजून धीर झाला नव्हता. कळशी आता काठोकाठ भरलेली असायची. आणि नळावर मंगलशी कुणी बोलत नव्हतं.

पंगत

वैशाखात शेवंताच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडं शेजारी म्हणजे घरचेच, त्यामुळं बोलत नसल्या तरी मंगलला वाढायला बोलावलंच. मांडवात माझ्यासाठी खास खुर्ची मांडली होती. मी खुर्ची ओलांडून गेले आणि बायकांच्या पंगतीत खाली बसले.

"बाई, खुर्चीवर बसा की," शेवंता धावत आली.

"का? मी कलेक्टर आहे का?"

बसले खरी. जेवले. पण बुंदीच्या घासाबरोबर लक्षात आलं की आता उठायचंय. पंगतीत सगळ्यांची पानं होईपर्यंत कुणी उठत नाही, आणि मग सगळे एकदम उठतात. तशा सगळ्या उठल्या. मी एकटी खाली. पाय वळलेले, नवं लुगडं पायात येणारं, समोर अख्खा मांडव. परसातल्या त्या कोंबड्या आठवल्या.

शेवंता आणि आणखी एक बाई दोन्ही बाजूंनी वाकल्या. माझ्या काखेत त्यांचे हात जाणार एवढ्यात पलीकडून आवाज आला.

"हात लावू नगा त्यांना!"

मंगल बुंदीची परात घेऊन उभी होती. सगळा मांडव तिच्याकडं वळला. बोलायचं काय राहिलं होतं? सासूला पाणी वाहायला लावणारी सून, आता उठूसुद्धा देत नाही! शेवंताच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मंगलनं परात खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभी राहिली. माझ्याकडं बघत.

मी कुशीवर वळले. चारी पायांवर आले. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. लुगड्याचा घोळ सारला, पाऊल पुढं टेकवलं. तिथं अडले. मांडीवर हात दाबला, सगळी वाळू, सगळं पाणी त्या पायात आणलं, आणि उठले. उभी राहिले. कुणाला न धरता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडं तशी पद्धत नाही. शेवंता हळूच म्हणाली, "बाई, तुमी तर पारसाली खाटंवरनं उठत नव्हता." एवढं बोलून ती मंगलकडं बघत राहिली.

मीही पाहिलं, तर मंगल जागेवर नव्हती. ती परातीशेजारी खाली बसली होती, तोंडात पदर धरून हमसाहमशी रडत होती. नळावरची बोलणी, भावाचा तो दिवस, सगळं एकदम बाहेर आलं होतं. दोघीतिघी तिला उठवायला निघाल्या. मी म्हटलं, "थांबा."

उष्ट्या पत्रावळी ओलांडून मी तिच्यापाशी गेले. पाय जरा फाकवून नीट रोवले, मॅडमनी शिकवलं होतं तसे, आणि हात पुढं केला.

ती रडत रडत म्हणाली, "आत्या, नगा. तुमाला झेपायची न्हाई मी."

"हात दे," मी म्हटलं.

तिनं दिला. आणि साऱ्या गावासमोर मी माझ्या सुनेला ओढून उभी केली.